'आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड' सोडून दुसरं काय लिहायचं? अर्ज अडकलाय

कमाटीबागवाली

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्ट हिस्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंग्लंडमध्ये पेंटिंग कॉन्झर्व्हेशनच्या मास्टर्सला अर्ज करायचाय, म्हणजे जुन्या चित्रावरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढणं, फाटलेला कॅनव्हास सांधणं, रंगाचा पोपडा सुटला असेल तर परत बसवणं असलं काम. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजी वाचायला काही अडचण नाही पण लिहायला बसलं की हात आखडतो.

तर अर्जासोबत स्वतःबद्दल जे स्टेटमेंट लिहून द्यायचं असतं त्यात मला या विषयाची खरोखर आवड आहे हे सांगायचंय आणि दर ओळीत तोच शब्द येतोय. हे बघा:

'आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन ओल्ड पेंटिंग्ज. आय हॅव बिग इंटरेस्ट इन केमिस्ट्री ऑफ पिगमेंट्स. आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क इन अ म्युझियम.'

मॅडमनी समासात नुसतं 'फ्लॅट' लिहून परत दिलं, पुढे काही सांगितलं नाही. दादा म्हणतो सगळीकडे 'पॅशनेट' टाक. मैत्रीण म्हणते 'कीन' टाक. नेटवर याद्या खूप आहेत पण कुठला शब्द कुठे बसतो ते कुणी सांगत नाही, आणि मला यादी पाठ करायची नाहीये. पुढच्या महिन्यात आयएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा पण आहे, तिथे बोलताना काय म्हणायचं तेही जमलं तर सांगा.

रावपुरा_मास्तर

अगं, आधी एक सांगतो, 'इंटरेस्टेड' शब्दात काही वाईट नाही. गोची आहे ती त्याच्या आजूबाजूला काय ठेवतेस त्याची. आपण मराठीत काळं म्हटलं की कुट्ट, पांढरं की शुभ्र, पिवळं की धमक, लाल की भडक असं आपोआप बोलतो. कुणी 'पांढरंकुट्ट' म्हटलं तर व्याकरण कुठे मोडत नाही पण ऐकणारा हसतो ना, इंग्रजीत याच प्रकाराला कॉलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ म्हणून लंडनचे भाषाशास्त्रज्ञ होते, ते १९५७ मध्ये लिहून गेले की शब्द कळायचा तर त्याची संगत बघा. तेच तुझ्या वाक्यांना लावू.

'इंटरेस्ट' या नामाबरोबर कोण बसतं? कीन, स्ट्राँग, डीप, ग्रेट, जेन्युइन, ॲक्टिव्ह. 'बिग इंटरेस्ट' कळतं सगळ्यांना पण कानाला खटकतं, 'हेवी' आणि 'हार्ड' तर विसरूनच जा. आता यातही सगळे सारखे नाहीत. 'स्ट्राँग' सगळ्यात निरुपद्रवी, अर्जात डोळे झाकून चालतो. 'कीन' मध्ये धार आहे, उत्सुकता आहे, म्हणून 'कीन आय', 'कीन ऑब्झर्व्हर' पण म्हणतात. 'डीप' म्हणजे बरीच वर्षं मुरलेलं. 'जेन्युइन' जरा जपून वापर, खरी आवड आहे असं स्वतःच सांगायला लागलं की समोरच्याला उगाच शंका येते, दुसऱ्याबद्दल शिफारसपत्रात मात्र छान वाटतं.

क्रियापद पण बघ. 'हॅव' म्हटलं की आवड नुसती आहे. 'टेक' म्हटलं की तू त्यासाठी उठून काहीतरी करतेस. 'आय हॅव अ स्ट्राँग इंटरेस्ट इन' आणि 'आय टेक ॲन ॲक्टिव्ह इंटरेस्ट इन' यात हाच फरक, आणि 'ॲक्टिव्ह' बहुतेक 'टेक' बरोबरच येतं. शिवाय मधलं ते 'अ' किंवा 'ॲन' खाऊ नकोस, तुझ्या 'हॅव बिग इंटरेस्ट' मध्ये ते गायब आहे आणि आपल्याकडच्या अर्जांत ते हमखास गायब असतं.

आता शेपटी, म्हणजे शब्दामागे लागणारं 'इन', 'टू' वगैरे. 'इंटरेस्टेड टू वर्क' हे आपलं 'काम करायला' मधलं 'ला' तिकडे गेलंय. काम करायची इच्छा असेल तर 'इंटरेस्टेड इन वर्किंग'. 'इंटरेस्टेड टू' चालतं ते नो, हिअर, सी, लर्न अशा काही कळण्याऐकण्याच्या क्रियापदांपुढे, 'आय वॉज इंटरेस्टेड टू लर्न दॅट' असं. 'कीन' ला दोन शेपट्या चालतात, 'कीन टू लर्न' आणि 'कीन ऑन पेंटिंग'. 'फॅसिनेटेड बाय', 'एन्थुझिॲस्टिक अबाउट', 'पॅशनेट अबाउट', 'ईगर टू'. शब्द पाठ करताना शेपटीसकट पाठ कर, नुसता शब्द पाठ केलास तर आयत्या वेळी भलतीच शेपटी चिकटते.

अलकापुरी_एचआर

मास्तरांचं सगळं पटलं, पण दादाचं 'पॅशनेट' अजिबात ऐकू नकोस. मी कंपनीत भरतीचं काम करते, दिवसभर रेझ्युमे वाचते, आणि खरं सांगते, आता त्या शब्दावरून नजर घसरून पुढे जाते. डेटा एंट्रीबद्दल पॅशनेट, एक्सेलबद्दल पॅशनेट, एकाने तर टॅली आणि जीएसटी रिटर्न्सबद्दल पॅशनेट असं लिहिलं होतं, बिचारा. इतक्या वेळा वापरला गेलाय की त्यात काही उरलंच नाही, आणि 'डीपली पॅशनेट', 'एक्स्ट्रीमली पॅशनेट' करून तो परत जिवंत होत नाही.

'ॲव्हिड' चं पण सांगते. मूळ लॅटिन शब्द अधाशी या अर्थाचा. तो माणसाच्या आधी येतो, ॲव्हिड रीडर, ॲव्हिड कलेक्टर, ॲव्हिड क्रिकेट फॅन. 'आय ॲम ॲव्हिड' असं म्हणून थांबता येत नाही, आणि 'ॲव्हिड स्टुडंट' वगैरे पण जरा ओढूनताणून वाटतं. आणखी एक, 'ॲव्हिड रीडर' लिहिलंस तर मुलाखतीत पुढचा प्रश्न येणारच, सध्या काय वाचतेयस. मी तरी हटकून विचारते आणि निम्मे लोक तिथेच छताकडे बघायला लागतात.

रावपुरा_मास्तर

एचआर ताई, लिहिण्यापुरतं बरोबर आहे तुमचं, पण 'पॅशनेट' ला सरसकट हद्दपार नका करू. बोलताना, डोळ्यांत चमक असताना, 'शीज पॅशनेट अबाउट क्लासिकल म्युझिक' हे अजूनही छान लागतं. दुसऱ्याबद्दल म्हटलं की जिवंत, स्वतःबद्दल लिहिलं की जाहिरात.

अलकापुरी_एचआर

दुसऱ्याबद्दल चालेल, मान्य. स्वतःच्या अर्जात नाही म्हणजे नाही.

मांडवीकर

आवडीच्या शब्दांवरून आठवलं, कुणी चुकूनही 'व्हेस्टेड इंटरेस्ट' लिहू नका रे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला ते भारदस्त वाटलं आणि बँकेच्या अर्जात लिहून आला की माझा बँकिंगमध्ये व्हेस्टेड इंटरेस्ट आहे. त्याचा अर्थ हितसंबंध, म्हणजे यात माझा स्वतःचा फायदा दडलाय. बँकेला इंटरेस्ट म्हणजे व्याज माहीत, आवड माहीत, हा तिसराच प्रकार ऐकून मॅनेजर गार झाला असेल.

आणि 'टुक अ कीन इंटरेस्ट' ला बडोद्यात उदाहरण शोधायला लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून घेतलं आणि गावोगावी वाचनालयांचं जाळं उभं केलं, आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवलं ते शिष्यवृत्ती देऊन. आता 'सयाजीराव टुक अ कीन इंटरेस्ट इन पब्लिक लायब्ररीज' म्हटलं की ते वाक्य भरल्यासारखं वाटतं कारण मागे बॉर्डन उभा आहे. तेच 'सयाजीराव वॉज व्हेरी मच इंटरेस्टेड इन लायब्ररीज' म्हणा, असं वाटतं महाराज एकदा दारावरून गेले आणि बाहेरूनच बघून आले. तर पोरी, तुझा बॉर्डन कुठाय ते लिही आधी. चित्रांची आवड आहे म्हणतेस, केलंस काय त्यासाठी?

टोरांटोतला_बडोदेकर

मांडवीकर काका, एकदम बरोबर. मी एक भर घालतो, देश बघून शब्द निवडा. 'कीन ऑन' हा ब्रिटिश बोलण्यातला, इकडे कॅनडात लोकांना कळतो पण मी बोललो की ऑफिसात म्हणतात लंडनहून आलास का. इकडे 'रिअली इंटरेस्टेड', 'स्ट्राँग इंटरेस्ट', बोलताना 'आय ॲम रिअली इंटू इट'. तुला इंग्लंडलाच जायचंय म्हणजे 'कीन' बिनधास्त वापर. 'मॅड अबाउट' तिकडे वेड्यासारखं आवडणं, इकडे नुसतं 'मॅड' म्हटलं तर आधी वाटतं चिडलायस.

पण तुझ्यासाठी खरा खड्डा म्हणजे 'क्वाइट'. अमेरिकन माणूस 'क्वाइट इंटरेस्टेड' म्हणतो तेव्हा बरीच आवड आहे असा अर्थ, ब्रिटिश म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा 'बऱ्यापैकी', म्हणजे ठीक आहे, जीव ओवाळून टाकावा असं काही नाही. तू 'आय ॲम क्वाइट इंटरेस्टेड इन युअर कोर्स' लिहिलंस तर ते वाचणारा म्हणेल बरं, मग राहू दे. गंमत म्हणजे 'क्वाइट फॅसिनेटिंग', 'क्वाइट ब्रिलियंट' असं म्हटलं की तोच 'क्वाइट' पूर्णपणे या अर्थाचा होतो, कारण पुढचा शब्दच टोकाचा आहे.

आणि ऑस्ट्रेलियाचं बघणाऱ्यांनी तिथल्या स्किलसिलेक्टमधलं 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट' बघून गडबडू नका, तिथे आवड बिवड काही नाही, व्हिसाच्या रांगेत नाव टाकायचा तो फॉर्म आहे.

भाखरवडी_फॅन

एवढं कशाला डोकं लावताय, एआयला द्या ना, दोन मिनिटांत लिहून देईल.

कमाटीबागवाली

दिलं होतं. पहिल्याच ओळीत 'डीपली पॅशनेट' आलं आणि दुसरीत 'एव्हर सिन्स आय वॉज अ चाइल्ड'. एचआर ताईंची नजर तिथेच घसरली असती.

मास्तर, एक विचारायचं राहिलं, 'व्हेरी फॅसिनेटेड' चालतं का? आणि 'व्हेरी मच' मध्ये नक्की काय खटकतं, ते तर बरोबरच आहे ना?

रावपुरा_मास्तर

'व्हेरी मच इंटरेस्टेड' व्याकरणाला बरोबर आहे, पण आपल्याकडे ते सरकारी पत्रांतून आणि लग्नाच्या स्थळांना उत्तर देताना इतकं झिजलंय की विद्यार्थ्याच्या तोंडी म्हातारं वाटतं. नुसतं 'व्हेरी इंटरेस्टेड' किंवा 'रिअली इंटरेस्टेड' जास्त ताजं.

'व्हेरी फॅसिनेटेड' टाळ. इंग्रजीत काही विशेषणांना पायऱ्या असतात, इंटरेस्टेड, कीन, क्युरिअस, त्यांना 'व्हेरी' लावून वर चढवता येतं. काही आधीच गच्चीवर बसलेली असतात, फॅसिनेटेड, ऑब्सेस्ड, थ्रिल्ड, त्यांच्या पोटातच 'अतिशय' आहे. त्यांना 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' लावतात, किंवा काहीच लावत नाहीत. माझं मत विचारशील तर काहीच लावू नकोस. 'आय ॲम फॅसिनेटेड बाय' एवढंच पुरे. पण एका पानात एकदाच. दर परिच्छेदात गच्चीवर चढलीस तर वाचणारा दमतो.

शंका आली की स्वतः तपासायची सोय आहे, ती सांगून ठेवतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून संग्रह आहे, त्यात १० कोटी शब्दांचं खरंखुरं ब्रिटिश इंग्रजी आहे, साधारण ९० टक्के लिहिलेलं आणि १० टक्के बोललेलं. त्यात 'इंटरेस्ट' टाकून त्याच्या आधी कुठली विशेषणं येतात ते शोधता येतं. तेवढी खटपट नको असेल तर गूगलचं एनग्राम व्ह्यूअर आहे, २०१० पासून, त्यात 'कीन इंटरेस्ट' आणि 'बिग इंटरेस्ट' मध्ये स्वल्पविराम देऊन टाक, छापील पुस्तकांत कुठलं किती येतं त्याच्या दोन रेघा समोर येतात. माझ्या क्लासमधली पोरं आधी याला कंटाळतात, मग तासन्‌तास त्यातच बसतात आणि गृहपाठ राहतो.

बँड_साडेसात

आयएलटीएसचं मी सांगते, नुकतीच देऊन आलेय. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं असतं, मधल्या भागात विषयाचं कार्ड देतात, १ मिनिट तयारीला आणि मग १ ते २ मिनिटं एकटीनं बोलायचं. चार गोष्टी बघतात, फ्लुएन्सी, शब्द, व्याकरण आणि उच्चार. शब्दांच्या रकान्यात बँड ७ ला, म्हणजे ७ गुणांच्या पायरीला, कॉलोकेशनची जाण असावी असं स्पष्ट लिहिलंय आणि थोडे चुकलेले शब्द पण तिथे खपवून घेतात, म्हणून चुकेल चुकेल करून घाबरून गप्प बसू नकोस, गप्प बसलीस तर फ्लुएन्सी पण जाते आणि शब्द पण.

बोलताना 'आय हॅव अ कीन इंटरेस्ट इन' जरा पुस्तकी वाटतं. 'आय ॲम रिअली इंटू ओल्ड पेंटिंग्ज', 'आय गॉट हुक्ड ऑन इट इन कॉलेज', 'आय ॲम अ बिग फॅन ऑफ', 'आय ॲम डाइंग टू सी' असलं चालतं. बघ, 'बिग' इंटरेस्टला चालत नाही पण फॅनला चालतो, हे असलं शहाणपण कुठल्या नियमात बसवणार. 'फाँड ऑफ' मात्र आपल्याकडे लोक फार वापरतात, 'आय ॲम फाँड ऑफ ट्रॅव्हलिंग', ते चूक नाही पण फार मवाळ आहे, जोरदार आवड त्यातून दिसत नाही. आणि 'इंटरेस्टेड' च्या जागी 'इंटरेस्टिंग' नको, 'आय ॲम इंटरेस्टिंग इन पेंटिंग्ज' असं माझ्या आधीचा मुलगा बाहेर सराव करताना म्हणत होता, म्हणजे मीच किती रंजक आहे बघा!

लिहिताना हुक्ड, डाइंग, इंटू हे सगळं बाहेर ठेव.

कमाटीबागवाली

सगळ्यांचे खूप आभार. मांडवीकर काकांचा प्रश्न डोक्यात बसला होता, केलंस काय म्हणून. मग मी आवडीचे सगळे शब्द पुसले आणि आधी नुसतं काय केलं ते लिहिलं. फत्तेसिंगराव म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, तिथे मी समोरून बघायच्या ऐवजी बाजूला उभी राहून बघते, खिडकीचा तिरपा उजेड पडला की रंगाला पडलेल्या बारीक चिरा दिसतात, जाळीसारख्या, समोरून त्या दिसतच नाहीत. आणि घरी रविवर्मा प्रेसची एक जुनी लक्ष्मी आहे, ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, तिचं आकाश पार चहाच्या रंगाचं झालंय. फ्रेम उघडली तर काठाखाली झाकलेली पट्टी अजून निळी होती. तेव्हापासून व्हार्निश का पिवळं पडतं त्याच्या मागे लागलेय. तर आता असं झालंय:

'अ स्ट्रिप ऑफ ब्लू अंडर द फ्रेम ऑफ माय फॅमिलीज रवि वर्मा प्रिंट शोड मी हाऊ मच इट्स व्हार्निश हॅड यलोड. सिन्स देन आय हॅव टेकन अ कीन इंटरेस्ट इन हाऊ व्हार्निशेस एज. ॲट द म्युझियम आय स्टडी पेंटिंग्ज फ्रॉम द साइड, व्हेअर द लाइट शोज द क्रॅक्स. आय ॲम फॅसिनेटेड बाय द केमिस्ट्री बिहाइंड दिस, अँड कीन टू लर्न विच सॉल्व्हंट्स कॅन सेफली रिमूव्ह ओल्ड व्हार्निश. आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

अलकापुरी_एचआर

हे मी शेवटपर्यंत वाचलं. निळ्या पट्टीसाठी तर मी मुलाखतीला बोलावलं असतं, आमच्याकडे चित्रं नाहीत ही अडचण सोडली तर.

मांडवीकर

वा! सापडला बॉर्डन. पण पोरी, ती लक्ष्मी घरी स्वतः पुसायला जाऊ नकोस हं, आमच्याकडे एकाने ओल्या फडक्याने दत्ताचा फोटो पुसला आणि तिन्ही तोंडं गेली.

कमाटीबागवाली

काका, ओलिओग्राफ कागदावर असतो, पाणी तर लांबूनही दाखवायचं नाही!

रावपुरा_मास्तर

छान झालंय गं. 'कीन' दोनदा आलाय, पण एकदा 'इंटरेस्ट' ला आणि एकदा 'टू' ला, तरी दुसऱ्या जागी 'ईगर टू लर्न' कर, म्हणजे कानाला आपटणार नाही. शेवटची ओळ 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग', इथला 'टू' क्रियापदाचा नाही, त्याला 'इंग' लागतं. आणि खरं तर ती ओळ पत्रात असते, स्टेटमेंटमध्ये नको, ती ईमेलमध्ये टाक.

कमाटीबागवाली

केलं. ईमेलमध्ये विषयाच्या जागी 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट' लिहू का?

टोरांटोतला_बडोदेकर

नको, ते टेंडरसारखं वाटतं. कोर्सचं नाव, तुझं नाव आणि ॲप्लिकेशन नंबर, बस.